युद्धाचें छायाचित्र कितपत खरें?

लखनौस नबाबी अमदानींत बांधलेली सिकंदर बाग नांवाची एक उद्यानवाटिका आहे. चोहों बाजूंनीं उंच भिंत आणि मध्यें एक लहानसा महाल, असें तिचें स्वरूप होतें. रेसिडेन्सींत अडकलेल्या इंग्रजांच्या सुटकेसाठीं निघालेल्या सर कॉलिन कॅम्बेल यांच्या फौजेनें १६ नोव्हेंबर १८५७ रोजीं ह्या भिंतीस खिंडार पाडलें, आणि हायलंडर व पंजाबी पलटणी आंत शिरल्या. आंतल्या हिंदी शिपायांना बाहेर पडावयास वाट उरली नव्हती. त्या दिवशीं तेथें सुमारें दोन हजार माणसें मारलीं गेलीं. पुढें मार्च १८५८ मध्यें सबंध लखनौ इंग्रजांच्या हातीं आलें, आणि फौजेच्या पाठोपाठ फेलिचे बेआतो नांवाचा इटालियन वंशाचा एक छायाचित्रकार आपली अवजड सामग्री घेऊन शहरांत दाखल झाला. क्रिमियांतील युद्धाचीं छायाचित्रें घेऊन त्यानें पूर्वींच नांव मिळविलें होतें.

त्यानें सिकंदर बागेचें जें छायाचित्र घेतलें तें आज जगांतील अनेक संग्रहांत आहे. नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं. तेव्हां तें शब्दांनींच उभें केलें पाहिजे. मागें खांबांची, पडझड झालेली इमारत. तिच्यासमोर कांहीं हिंदी माणसें आणि एक घोडा, सारे निश्चल. आणि पुढच्या मोकळ्या आवारांत, पाहणाऱ्याच्या जणूं पायाशीं, पसरलेल्या मनुष्यांच्या कवट्या, बरगड्या आणि सांगाडे. चित्राखालीं छापलेल्या मजकुरांत म्हटलें आहे कीं दोन हजार बंडखोरांच्या कत्तलीनंतरचा हा बागेचा अंतर्भाग होय.

'नंतरचा' ह्या एका शब्दांत चार महिन्यांहून अधिक काळ दडलेला आहे. वाचणाऱ्यास वाटावें कीं तोफांचा धूर विरतो न विरतो तोंच कॅमेरा उघडला गेला. वस्तुस्थिति निराळी होती. एका इंग्रज अधिकाऱ्यानें आपल्या आठवणींत नमूद करून ठेवलें आहे कीं त्या अवशेषांची अखेरची विल्हेवाट लावण्यापूर्वीं छायाचित्रासाठीं तीं हाडें उघडीं करण्यांत आलीं. म्हणजे मृतांना मातीचा जो कांहीं आडोसा मिळाला असेल तोहि चित्राच्या पूर्ततेसाठीं काढून घेण्यांत आला. इंग्रज मृतांचीं हाडें अशीं कोणी मांडलीं नसतीं, हें सांगावयास नकोच.

मग हें चित्र खरें कीं खोटें? हाडें खरीं आहेत, जागा खरी आहे, मारलीं गेलेलीं माणसें खरीं आहेत. इतकेंच नव्हे, तर ह्या कत्तलीचा याहून बोलका दृश्य पुरावा दुसरा नाहीं. आणि तरीहि आपण जें पाहतों तें युद्धानें मागें ठेवलेलें दृश्य नसून कोणीतरी मांडलेलें दृश्य आहे. युद्धाच्या छायाचित्रणाचा जन्म होऊन दहा-बारा वर्षेंहि झालीं नव्हतीं तोंच हा पेंच त्याच्यापुढें उभा राहिला, आणि तो अद्यापि सुटलेला नाहीं.

ह्या मांडणीचा सारा दोष छायाचित्रकाराच्या मनोवृत्तीवर लादणें मात्र अन्यायाचें होईल. त्या काळचें तंत्रच असें होतें कीं धांवतें युद्ध त्यांत मावणें शक्य नव्हतें. कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती कांच चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, कांहीं सेकंद भिंग उघडें ठेवावयाचें, आणि कांच सुकण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत धांवत जाऊन ती धुवावयाची. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यांत तर ती पाहतां पाहतां सुके. कॅमेऱ्यापुढें जो हलला तो चित्रांतून पुसला गेला. म्हणून त्या युगांतील युद्धचित्रांत जिवंत माणसें पुतळ्यांसारखीं उभीं दिसतात, आणि खरीखुरी निश्चलता मृतांपाशींच सांपडते.

रॉजर फेंटन ह्या इंग्रज छायाचित्रकाराची कथा याच काळांतली. मँचेस्टरच्या एका प्रकाशकानें त्याला १८५५ मध्यें क्रिमियांत पाठविलें. राणीचा पति प्रिन्स अल्बर्ट याचीं शिफारसपत्रें त्याच्या खिशांत होतीं. दारूच्या एका व्यापाऱ्याची गाडी विकत घेऊन तिचीच त्यानें अंधारखोली केली. परत आला तेव्हां त्याच्याजवळ साडेतीनशेंहून अधिक छायाचित्रें होतीं, आणि त्यांतील एकांतहि प्रेत नव्हतें. पटकी, थंडी आणि बेपर्वाई यांनीं ज्या युद्धांत हजारों शिपाई गिळले त्याचें हें दर्शन अधिकारी, तंबू आणि जहाजांचे नांगर यांनींच भरलेलें आहे. राजाश्रयानें गेलेला मनुष्य याहून वेगळें काय आणणार?

तथापि फेंटनच्या एका चित्रानें पुढें मोठा वाद माजविला. २३ एप्रिल १८५५ रोजीं सेबास्टपोलजवळच्या एका उजाड घळीचीं त्यानें एकाच जागेवरून दोन छायाचित्रें घेतलीं. एकांत तोफगोळे रस्त्याच्या कडेच्या खळग्यांत पडलेले आहेत आणि रस्ता मोकळा आहे. दुसऱ्यांत तेच गोळे रस्त्यावर विखुरलेले दिसतात. कोणतें आधीं आणि कोणतें नंतर? अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शक एरल मॉरिस यानें २००७ मध्यें ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. त्यासाठीं तो क्रिमियांत जाऊन ती घळहि पाहून आला. उत्तर सांपडलें तें गोळ्यांत नव्हे, तर उतारावरच्या किरकोळ दगडांत. दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून पाहतां असें आढळलें कीं गोळे रस्त्यावर असलेल्या चित्रांत कांहीं दगड मूळ जागेहून थोडे खालीं घसरलेले आहेत. कोणाचे तरी पाय त्यांना लागले होते. आणि दगड उतारावरून खालीं घरंगळतो, वर चढत नाहीं. अर्थात् मोकळा रस्ता आधींचा आणि गोळ्यांचा रस्ता नंतरचा. दीडशें वर्षें ज्यांच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें त्या मूठभर दगडांनीं अखेर साक्ष दिली. छायाचित्राचें एक वैशिष्ट्य येथें दिसून येतें. घेणाऱ्याच्या मनांत नसलेलें बरेंच कांहीं त्यांत आपोआप उतरतें, आणि तेंच पुष्कळदां त्याच्या हेतूहून अधिक खरें असतें.

अमेरिकेंतील यादवी युद्धांत कॅमेरा मृतांसमोर उघडपणें उभा राहिला. १७ सप्टेंबर १८६२ च्या अँटिएटमच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनर यानें रणांगणावर पडलेल्या शिपायांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि त्याच ऑक्टोबरमध्यें तीं मॅथ्यू ब्रेडी याच्या न्यूयॉर्कमधील चित्रशाळेंत मांडण्यांत आलीं. तोंवर वृत्तपत्रांतील नांवांच्या यादींतूनच युद्ध जाणणारें ते शहर फुगलेलीं, वेडीवांकडीं पडलेलीं प्रेतें भिंगांतून पाहण्यासाठीं तेथें गर्दी करूं लागलें. परंतु पुढच्याच वर्षीं, जुलै १८६३ मध्यें, गेटिसबर्ग येथें ह्याच गार्डनरनें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं एका तरुण शिपायाचें प्रेत उचलून सुमारें चाळीस यार्डांवर असलेल्या दगडी आडोशामागें नेऊन ठेवलें, शेजारीं बंदूक टेंकवून उभी केली आणि चित्र घेतलें. १८६६ च्या त्याच्या संग्रहांत त्या चित्राखालीं एका एकाकी नेमबाजाच्या मरणाची करुण कथा छापली आहे. ती कथा रचलेली होती. विल्यम फ्रासानितो ह्या संशोधकानें तोच मृत शिपाई उतारावरच्या दुसऱ्या चित्रांत ओळखून काढला आणि १९७५ मध्यें ती प्रसिद्ध केली, तोंपर्यंत एक शतक उलटून गेलें होतें. येथें चित्रापेक्षां त्याखालचा मजकूरच अधिक खोटें बोलला आहे.

पहिल्या महायुद्धांत हा प्रश्न उघड भांडणाच्या पायरीवर आला. ऑस्ट्रेलियन सैन्याचा अधिकृत छायाचित्रकार फ्रँक हर्ली १९१७ मध्यें बेल्जियमच्या चिखलांत उभा होता. डोळ्यांपुढें खंदकांतून उसळणारे शिपाई, वर विमानें, पलीकडे फुटणारे तोफगोळे; आणि कॅमेऱ्यांत उतरे तें एखाद्या कोपऱ्यांतील करड्या रंगाचें शेत. तेव्हां निरनिराळ्या कांचा एकत्र करून त्यानें एकसंध लढाई 'घडविली'. सैन्याबरोबर असलेला इतिहासकार चार्लस बीन याला तें बिलकुल मान्य नव्हतें. ज्या चित्रावर उद्यांचा इतिहास उभा राहणार त्यांत एक रेघहि बाहेरची असतां कामा नये, असा त्याचा आग्रह. हर्लीनें राजीनाम्याची धमकी दिली. अखेर लंडनच्या प्रदर्शनांत मोजकींच अशीं चित्रें, तींहि जोडचित्रें असल्याचें स्पष्ट सांगून, लावण्याचें ठरलें. दोघांपैकीं कोणालाहि लबाड म्हणतां येत नाहीं. लढाई सहन केलेल्या माणसास ती कशी वाटते हें हर्लीला दाखवावयाचें होतें. कॅमेऱ्यापुढें त्या क्षणीं काय होतें तेवढेंच बीनला हवें होतें. मात्र शंभर वर्षांनंतर पाहणाऱ्यास बीनची बाजूच उपयोगी पडते, कारण भावना पुन्हां निर्माण करतां येते, गेलेला क्षण येत नाहीं.

पुढें लहान कॅमेरा आला. लायका १९२५ मध्यें बाजारांत आला, आणि ज्याच्या गळ्यांत कॅमेरा आहे तो शिपायांबरोबर धांवूं लागला. आतां मांडणीची गरज उरणार नाहीं असें वाटलें. पण रॉबर्ट कापा याचें स्पेनमधील तें जगप्रसिद्ध चित्र, गोळी लागून मागें कोसळणारा, हातांतून बंदूक सुटत असलेला शिपाई, हें सप्टेंबर १९३६ मध्यें पॅरिसच्या 'व्यू' साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें, आणि त्याच्याभोंवतींचा वादहि अद्यापि चालूच आहे. तें सेर्रो मुरियानो येथें घेतल्याचें दीर्घ काळ मानलें जात होतें. २००९ मध्यें पार्श्वभूमींतील डोंगरांच्या रेषा ताडून पाहण्यांत आल्या, तेव्हां ती जागा तेथून सुमारें पन्नास किलोमीटर दूर असलेल्या एस्पेहो गांवाची निघाली. दगडांनीं फेंटनविरुद्ध साक्ष दिली होती; येथें ती डोंगरांनीं दिली. बर्लिनच्या राइखस्टागवर लाल निशाण फडकविणारें येवगेनी खाल्देई याचें २ मे १९४५ चें चित्र तर सरळच योजून घेतलेलें होतें. निशाणहि त्यानें मॉस्कोंत टेबलावरच्या लाल कापडाचें शिवून घेतलें होतें. एका शिपायाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळें दिसत होतीं, म्हणजे एक लुटीचें. तें छापण्यापूर्वीं खरवडून काढण्यांत आलें.

येथवर छायाचित्रकाराचा हात पाहिला. परंतु युद्धांत त्याहून मोठा हात सरकारी परवानगीचा असतो, आणि त्याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. १९४३ मध्यें बंगाल भुकेनें मरत होता. त्या दुष्काळांत सुमारें तीस लाख माणसें दगावलीं असा अंदाज सामान्यतः दिला जातो. युद्धकाळांतील निर्बंधांमुळें वृत्तपत्रांना त्याविषयीं मोकळेपणें लिहितां येत नव्हतें. शत्रूला उत्तेजन मिळेल अशी सबब होती. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'चा इंग्रज संपादक इयन स्टीफन्स ह्याच्या ध्यानांत आलें कीं बंधन शब्दांवर आहे, चित्रांचा स्पष्ट उल्लेख कोठेंच नाहीं. २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकांत त्यानें कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरून पडलेल्या व मरणोन्मुख माणसांचीं छायाचित्रें छापलीं. जें सरकारच्या अहवालांत बसत नव्हतें तें पानावर उघडें पडलें, आणि दिल्ली व लंडन येथें नाकारतां येईना. त्याच सुमारास तरुण सुनील जाना बंगालभर हिंडून जीं चित्रें घेत होता तीं मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' साप्ताहिकांत येत, आणि त्या मार्गानें आपल्याकडील अनेक घरांत तो दुष्काळ प्रथम डोळ्यांनीं पाहिला गेला. सिकंदर बागेंतील हाडें विजेत्याच्या बाजूनें मांडलीं गेलीं होतीं. कलकत्त्याच्या फुटपाथवरचीं हाडें कोणास मांडावीं लागलीं नाहींत.

परवानगी आणि मांडणी ह्या दोन्ही गोष्टींचें खरें मोल मात्र आउशविट्झच्या मृत्युछावणींतील एका उन्हाळ्यानें दाखवून दिलें. १९४४ च्या मे ते जुलै ह्या अवघ्या दोन महिन्यांत हंगेरींतील चार लाखांहून अधिक ज्यू आगगाड्यांत कोंबून नाझींनीं देशाबाहेर नेले, आणि त्यांतील बहुतेक येथेंच आणून मारले. त्या उन्हाळ्याचे दोन छायाचित्रसंग्रह उरले आहेत.

पहिला आहे तो खुद्द छावणीच्या एस. एस. अधिकाऱ्यांचा. सुमारें दोनशें छायाचित्रांची ती एक नीटनेटकी चिकटवही आहे. प्रकाश उत्तम, भिंग नेमकें, सुबक अक्षरांत लिहिलेले मथळे. गाडींतून उतरणारे लोक, रांगा, गांठोडीं सांवरणाऱ्या बायका, झाडांखालीं बसलेल्या आज्या आणि मुलें. मुलांना थोड्याच वेळांत कोठें नेणार आहेत याची त्या चित्रांत पुसटहि खूण नाहीं; एखाद्या सुव्यवस्थित खात्याच्या वार्षिक कामगिरीचें तें दर्शन वाटतें. ही वही युद्ध संपतेवेळीं दुसऱ्याच एका छावणींत, एस. एस.नें सोडून दिलेल्या इमारतींत, एका तरुण ज्यू स्त्रीच्या हातीं लागली. तिनें ती उघडली तेव्हां तिला तींत स्वतःचीच गाडी, आपल्या गांवचे लोक आणि आपले धाकटे भाऊ दिसले. ते भाऊ तोंवर मारले गेले होते. तिच्या हातीं लागली म्हणूनच ती वही आज मारणाऱ्यांविरुद्धचा पुरावा आहे. कोणाच्या डोळ्यांनीं घेतलेलें आहे आणि कोणाच्या डोळ्यांनीं वाचलें जातें, यावर चित्राचा अर्थ असा फिरतो.

दुसऱ्या संग्रहांत अवघीं चार छायाचित्रें आहेत. मारलेल्यांचीं प्रेतें जाळण्याचें काम ज्या कैद्यांवर लादलें होतें त्यांनींच तीं घेतलीं. ह्या कैद्यांना ठराविक काळानें ठार करून नवे आणीत, म्हणून बाहेर कोणी साक्षीदार उरणार नाहीं अशी व्यवस्था होती. ऑगस्ट १९४४ मध्यें चोरून आणलेला एक कॅमेरा त्यांच्या हातीं पडला. इतर कांहींजण पहाऱ्यावर राहिले, आणि अलेक्स नांवाच्या ग्रीसमधील एका ज्यू कैद्यानें चित्रें घेतलीं, अशी त्यांच्यांतील वांचलेल्या एकाची साक्ष आहे. दोन चित्रें भट्टीच्या इमारतीच्या आंतून, दाराच्या आडून घेतलेलीं आहेत. बाहेर उघड्यावर जळणाऱ्या प्रेतांचा धूर आणि त्यांत उभे असलेले कैदी दिसतात; भोंवतीं दाराचा गर्द काळा पट्टा अर्ध्याहून अधिक जागा व्यापून आहे. तिसऱ्यांत झाडांमधून विवस्त्र करून हांकलल्या जाणाऱ्या बायका, तिरप्या, दूर, कोपऱ्यांत. फिल्म टूथपेस्टच्या नळींत घालून छावणीबाहेर क्राकोच्या गुप्त प्रतिकारसंघटनेकडे पोंचविण्यांत आली. ४ सप्टेंबर १९४४ ची चिठ्ठी तिच्यासोबत होती. तींत आणखी फिल्म ताबडतोब पाठवा, चित्रें घेणें शक्य आहे, अशी मागणी आहे.

तांत्रिक दृष्टीनें हीं चित्रें वाईट आहेत. कोणत्याहि संपादकानें तीं परत केलीं असतीं. आणि युद्धानंतर छापणाऱ्यांनीं खरोखरच तीं 'सुधारलीं'. काळा पट्टा निरुपयोगी समजून कापून टाकला, तिरपें दृश्य सरळ केलें, बायकांच्या आकृतींना ब्रशानें उठाव दिला. हेतु चांगला होता. लोकांना प्रेतें आणि बायका नीट दिसाव्यात एवढाच. परंतु त्या काळ्या पट्ट्यांतच घेणारा उभा होता. तो कोठें लपला होता, किती भ्यालेला होता, चार पावलांपलीकडे त्याला कोण पाहूं शकत होतें, हें सारें त्या अंधारानें सांगितलें असतें. तो कापल्याबरोबर चित्र जणूं आकाशांतून कोणीतरी निवांतपणें घेतल्यासारखें झालें. बेआतोनें हाडें वाढविलीं होतीं. येथें अंधार कमी केला. आज तर चित्र घडविण्यास कॅमेऱ्याचीहि गरज राहिलेली नाहीं. अशा वेळीं चित्र किती स्पष्ट आहे यापेक्षां तें कोणीं, कोठें उभें राहून आणि कोणाच्या परवानगीनें घेतलें, हें विचारणें घराघरांत आवश्यक झालें आहे. हीं चारहि छायाचित्रें आतां आउशविट्झच्या सरकारी संग्रहालयांत आहेत, आणि अलीकडे तीं न कापतां छापण्याकडे अभ्यासकांचा कल आहे.

चौथें चित्र मात्र पुष्कळ वर्षें बहुतेक पुस्तकांत घेतलेंच जात नसे. त्यांत माणूस नाहीं, धूर नाहीं, प्रेत नाहीं. डोळ्याला कॅमेरा लावावयास सवड नव्हती. तो कमरेशीं धरून, चालतां चालतां, न पाहतां कळ दाबलेली आहे. त्यांत उतरल्या आहेत त्या फक्त झाडांच्या कांहीं फांद्या आणि वरचें आकाश.